औंढ्याच्या माळावरची विज्ञानकथा

जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे पुण्याहून रेल्वेने मुंबईला निघतात. वाटेत सरहद्दीच्या स्टेशनावर परवाने तपासले जातात. पुढे डब्यांवर ब्रिटिशांचं निशाण दिसतं. जिचा कारभार १८५८ साली राणीच्या सरकारने काढून घेतला, ती ईस्ट इंडिया कंपनी मुंबईत अजून ठाण मांडून बसलेली असते. गंगाधरपंत टाउन हॉलच्या ग्रंथालयात इतिहासाचे खंड उघडतात आणि उलगडा होतो. १७६१ मध्ये पानिपतावर विश्वासरावांचा प्राण घेणारी गोळी इथे नुसती चाटून गेलेली आहे. मराठे जिंकलेत, कंपनीचं राज्य देशभर पसरलंच नाही आणि लोकशाही आपल्या वाटेने आली आहे. या कथेचं इंग्रजी रूप एनसीईआरटीच्या अकरावीच्या ‘हॉर्नबिल’ या पुस्तकात आलं, त्यामुळे मराठी घरांतल्या कितीतरी मुलांनी ती आधी इंग्रजीतून वाचली.

मराठी विज्ञानकथेचा आढावा घ्यायचा तर मला या कथेपासून सुरुवात करावीशी वाटते, कारण एरवी वेगवेगळ्या बैठकीत बसणारे तीन विषय इथे एकत्र आले आहेत: इंग्रजांचं राजकारण, विज्ञान आणि रोजचं जगणं. विज्ञानातला सिद्धांत कथेत शेवटी येतो. त्याआधी येतात तिकीट, परवाना, ओळखीच्या रस्त्यावर अनोळखी दुकानं, आणि मुलाच्या कचेरीत चौकशी केल्यावर ‘असा कोणी इथे नाही’ हे उत्तर. इतिहास बदलला म्हणजे काय झालं, हे वाचकाला त्या कचेरीच्या दारात कळतं. मराठी विज्ञानकथेने राज्यकर्त्यांशी किती वाद घातला, रोजच्या जगण्याला किती जागा दिली, आणि या सगळ्यात मराठवाडा कुठे आहे, या प्रश्नांकडे म्हणूनच पाहायला हवं. तेही आत्ताच, कारण हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ दुधाळा इथे गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहायची आहे, आणि विज्ञानकथेत शोभावी अशी गोष्ट पुण्या-मुंबईबाहेर प्रत्यक्षात घडू लागली आहे.

इंग्लंडमध्ये या साहित्यप्रकाराचा राजकारणाशी संबंध पहिल्यापासून उघड होता. एच. जी. वेल्सच्या ‘द टाइम मशीन’ (१८९५) या कादंबरीत भविष्यातली माणसं दोन जातींत फुटलेली दिसतात. वर उजेडात ऐषआरामी, खाली अंधारात राबणारी. इंग्लंडमधली वर्गव्यवस्था ताणून आठ लाख वर्षं पुढे नेली तर काय होईल, याचा तो हिशेब होता. ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ (१८९८) मध्ये मंगळवासी लंडनवर चालून येतात, आणि वेल्स पहिल्याच प्रकरणात वाचकाला विचारतो की, युरोपियनांनी टास्मानियातल्या मूळ रहिवाशांचं जे केलं ते आठवतं ना? साम्राज्याच्या राजधानीतल्या माणसाला जिंकल्या गेलेल्या माणसाच्या जागी उभं करायची ही युक्ती होती. वेल्स तेवढ्यावर थांबला नाही. १९२२ आणि १९२३ मध्ये तो मजूर पक्षाकडून लंडन विद्यापीठाच्या मतदारसंघातून पार्लमेंटच्या निवडणुकीला उभा राहिला आणि दोन्ही वेळा पडला.

त्याच काळात मराठीत काय चाललं होतं? पार्लमेंटची चर्चा तर जोरात होती. १८९२ मध्ये दादाभाई नौरोजी मध्य फिन्सबरीतून अवघ्या पाच मतांनी निवडून आले. १८९५ मध्ये मुंबईचेच मंचरजी भावनगरी विरुद्ध बाजूने, हुजूर पक्षाकडून, पार्लमेंटात गेले. हुजूर काय म्हणतात, उदारमतवादी काय म्हणतात, भारतमंत्री कोण होणार, हे मराठी वर्तमानपत्रं बारकाईने छापत होती आणि वाचकही त्यावर हिरिरीने बोलत होते, कारण इथला शेतसारा आणि इथला तुरुंग तिथल्या मतांवर ठरत असे. टिळक १९१८-१९ मध्ये विलायतेत असताना त्यांनी मजूर पक्षाशी मुद्दाम संबंध जोडले. ब्रिटिश राजकारण हा मराठी माणसाच्या दृष्टीने घरचाच विषय होता.

विज्ञानकथा मात्र दुसऱ्याच दाराने आली. कृष्णाजी नारायण आठल्ये यांच्या ‘केरळ कोकिळ’ मासिकात १९००च्या सुमारास ज्यूल व्हर्नची चंद्रप्रवासाची कथा मराठीत क्रमशः येऊ लागली. मग १९१५ साली श्री. बा. रानडे यांची ‘तारेचे हास्य’ आली. तिला बहुतेक अभ्यासक पहिली स्वतंत्र मराठी विज्ञानकथा मानतात. मराठीने आरंभी व्हर्न घेतला, वेल्स घेतला नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. व्हर्नकडे यंत्र होतं, सफर होती, अचंबा होता. परक्या सत्तेखाली चिरडलं जाणं म्हणजे काय, हे सांगणारा वेल्स त्या वेळच्या मराठी वाचकाला जास्त जवळचा वाटला असता. पण राजद्रोहाच्या खटल्यांच्या त्या दिवसांत मंगळवासीयांच्या आडून साम्राज्यावर लिहायची वाट कुणी धरली नाही. अग्रलेखांत राजकारण आणि मासिकांत चंद्राची सफर, अशी विभागणी झाली. ती पुढे पन्नास-साठ वर्षं टिकली आणि तिचं नुकसान मराठी कथेला सोसावं लागलं.

मधल्या काळावर रेंगाळायची गरज नाही. भा. रा. भागवतांनी व्हर्न मुलांपर्यंत पोहोचवला आणि एका पिढीला वाचनाची गोडी लावली. अनंत अंतरकरांच्या ‘नवल’ मासिकाने अद्भुत कथेला हक्काची जागा दिली. नारायण धारपांनी भयकथेच्या शेजारी विज्ञानकथाही लिहिली. पाया तयार होत होता, पण समीक्षकांच्या लेखी हा सगळा करमणुकीचा माल होता.

वळण आलं ते मराठी विज्ञान परिषदेमुळे. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने १९७० पासून विज्ञानकथा स्पर्धा सुरू केली. १९७४च्या स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा आली आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. लेखक होते जयंत विष्णु नारळीकर. आपल्या नावाची आद्याक्षरं उलटी करून त्यांनी ते टोपणनाव घेतलं होतं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या हस्ताक्षरात पाठवली होती. केंब्रिजमध्ये नाव काढलेला खगोलशास्त्रज्ञ टोपणनावाने मराठी स्पर्धेत उतरतो, याचं कौतुक नेहमी होतं. मला त्याहून मोलाची वाटते ती त्यांनी निवडलेली भाषा. जगभर ज्याचे शोधनिबंध वाचले जात होते त्याने गोष्ट सांगायला मराठी घेतली, आणि पुढे ‘यक्षांची देणगी’, ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’, ‘व्हायरस’ अशी पुस्तकं देत राहिला. २०२१ मध्ये नाशिकच्या ९४व्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं, तेव्हा विज्ञानकथा साहित्याच्या ओसरीवरून माजघरात आली. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

नारळीकरांच्या कथांमध्ये मंत्री, सचिव, समित्या आणि फायली वारंवार येतात. हा धागा केंब्रिजपर्यंत जातो असं मला वाटतं. त्यांचे गुरू फ्रेड हॉयल यांची ‘द ब्लॅक क्लाउड’ ही कादंबरी १९५७ साली आली, आणि नारळीकर केंब्रिजला पोहोचले तेही त्याच वर्षी. सूर्य झाकायला निघालेला वायूचा प्रचंड ढग हा त्या कादंबरीचा विषय, पण तिचा खरा जोर आहे शास्त्रज्ञ आणि ब्रिटिश सरकार यांच्या भांडणात. सरकारला माहिती दाबायची असते, शास्त्रज्ञांना राजकारण्यांची बुद्धी अपुरी वाटते, आणि इंग्लंडच्या एका ग्रामीण हवेलीत दोघं एकमेकांना जोखत बसतात. विज्ञानाचा निर्णय कुणी घ्यायचा, निवडून आलेल्याने की जाणणाऱ्याने, हा वाद नारळीकरांनी तिथून उचलला आणि मुंबई-दिल्लीत आणून बसवला. त्यांच्या ‘हिमप्रलय’मध्ये मुंबईत बर्फ पडतं. शास्त्रज्ञाचं भाकीत आधीच झालेलं असतं, ऐकलं मात्र जात नाही. आजच्या हवामानबदलाच्या चर्चेत ही कथा पुन्हा वाचून पाहावी.

नारळीकरांबरोबर आणि त्यांच्या मागून आलेल्यांत बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, अरुण मांडे, शुभदा गोगटे, मेघश्री दळवी अशी मोठी फळी आहे. फोंडके यांनी संपादित केलेल्या ‘इट हॅपन्ड टुमॉरो’ (१९९३) या इंग्रजी संग्रहात अनेक भारतीय भाषांतल्या कथा आहेत, पण मराठी कथांचा वाटा त्यात ठळक आहे. लोंढ्यांची ‘दुसरा आइनस्टाइन’ ही कथा मराठीबाहेर पोहोचली. भारतीय भाषांत विज्ञानकथेची अशी सलग परंपरा फार थोड्यांकडे आहे. मराठी आणि बंगाली ही नावं चटकन समोर येतात.

तरीही या परंपरेविषयी एक तक्रार आहे, आणि ती मी प्रेमापोटी करतो आहे. स्पर्धेतून वाढलेल्या या कथेवर विज्ञानप्रसाराचं ओझं राहिलं. शेवटच्या दोन पानांत कुणीतरी जाणकार येतो आणि सगळं समजावून सांगतो. पात्रं बहुधा शहरातली, शिकलेली, प्रयोगशाळेत वा कॉलेजात रमणारी. घरातलं काम, पगाराची ओढाताण, आजारपण, जात, शेती हे मागच्या पडद्यावर चितारलेलं. नारळीकरांच्याच ‘उजव्या सोंडेचा गणपती’सारखी कथा लक्षात राहते, कारण तिथे अवकाशाच्या भूमितीचा अवघड खेळ देव्हाऱ्यातल्या मूर्तीवर आणि क्रिकेटच्या मैदानावर खेळला जातो. अशा कथा थोड्या. आणि मराठवाड्यातलं गाव केंद्रस्थानी असलेली विज्ञानकथा माझ्या वाचनात क्वचितच आली.

हिंगोलीच्या मातीत इंग्रजांचं राजकारण, विज्ञान आणि रोजचं जगणं या तिन्ही विषयांचा साठा किती आहे, ते पाहू. इंग्रजांपासून सुरू करू. हिंगोली निजामाच्या राज्यात होती, पण इथे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या ‘हैदराबाद कंटिंजंट’ फौजेची मोठी छावणी होती. फौजेचा खर्च निजामाच्या माथी, हुकूम इंग्रजांचा. खर्चाची थकबाकी इतकी वाढली की १८५३ मध्ये डलहौसीने त्यापोटी वऱ्हाड आपल्या कारभारात घेतला. १९०३ मध्ये ती फौज ब्रिटिश हिंदुस्थानच्या सैन्यात विलीन झाली. म्हणजे लंडन-कलकत्त्याचं राजकारण हिंगोलीच्या बाजारात शिपायाच्या पगाराच्या रूपाने खेळत होतं.

इंग्रजी कादंबरीत हिंगोलीचं नाव येतं तेही याच छावणीमुळे. निजामाच्या चाकरीत असलेल्या फिलिप मेडोज टेलरने ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी १८३९ मध्ये लंडनमध्ये छापली. तिच्या प्रस्तावनेत तो सांगतो की, हिंगोलीच्या छावणीत हरीसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता, आपण स्वतः आणि इतरांनीही त्याच्याशी व्यवहार केले, आणि पुढे उघडकीला आलं की तो त्या भागातल्या ठगांचा म्होरक्या आहे. पुस्तक विलायतेत गाजलं. त्यातून इंग्रज वाचकाच्या मनात जे चित्र उभं राहिलं ते असं: या देशात शेजारच्या दुकानदाराच्या पोटातही खुनी लपलेला असतो, म्हणून आमचं राज्य हवं. दूरच्या प्रदेशाबद्दल अद्भुत गोष्ट रचून सत्तेचं समर्थन कसं होतं, याचा हा हिंगोलीतलाच दाखला. विज्ञानकथा लिहिणाऱ्याने तो अभ्यासावा, कारण परग्रहाच्या बहुतेक गोष्टी अशाच रचल्या जातात.

पुढचा भाग तर पर्यायी इतिहासासाठीच घडल्यासारखा आहे. १९४७च्या कायद्याने ब्रिटिशांचं संस्थानांवरचं अधिराज्य संपलं आणि निजामाने स्वतंत्र राहायचं ठरवलं. १९४८च्या जुलैत चर्चिलने हाउस ऑफ कॉमन्समध्ये हैदराबादची बाजू घेऊन ॲटलींच्या सरकारला धारेवर धरलं. ऑगस्टमध्ये निजामाची तक्रार सुरक्षा परिषदेत गेली. इकडे रझाकारांच्या जुलमाखाली गावं होरपळत होती आणि स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लढा चालू होता. वसमत तालुक्यातल्या वापटीचे बहिर्जी शिंदे त्या लढ्यात हुतात्मा झाले. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. आता गंगाधरपंतांची युक्ती इथे लावून पाहा. चर्चिल सत्तेवर असता तर? सुरक्षा परिषदेने आठवडाभर आधी काही ठरवलं असतं तर? आज हिंगोलीहून वाशीमला जाताना करोडगिरीच्या नाक्यावर पिशव्या तपासल्या जात असत्या, पाकिटात हाली शिक्का असता, शाळेत उर्दू असती. त्या कल्पनेतल्या हिंगोलीत आपली आजी काय बोलली असती, हळद कुठे विकली असती, हे लिहिणारी कथा मराठीला अजून मिळालेली नाही. आत्ताआत्तापर्यंत हे सगळं भोगलेली माणसं घराघरांत होती, त्यामुळे ती लिहायला सामग्रीही कमी पडणार नाही.

वाद घालायची परंपरा इथे नाही असंही नाही. नरहर कुरुंदकर मूळचे वसमत तालुक्यातल्या कुरुंद्याचे. नांदेडला राहून त्यांनी मनुस्मृतीपासून हैदराबादच्या मुक्तिलढ्यापर्यंत आणि नाट्यशास्त्रापासून कादंबरीपर्यंत सगळ्यावर मांडणी केली. ‘धार आणि काठ’मध्ये मराठी कादंबरीचा आढावा घेताना ते एकेका कृतीशी समोरासमोर बसून भांडतात. विज्ञानकथेला असा भांडणारा समीक्षक लाभला नाही. कौतुक करणारे पुष्कळ मिळाले, पण या कथेत शेतकरी कुठे आहे, बाई कुठे आहे, सत्ता कुठे आहे असं दरडावून विचारणारं कुणी उभं राहिलं नाही.

आता दुधाळ्याकडे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथल्या दोन लायगो वेधशाळांनी पहिली गुरुत्वीय लहर टिपली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षं दूर दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन झाली होती, त्याची ती थरथर. ११ फेब्रुवारी २०१६ला ती बातमी जाहीर झाली आणि आठवडा उलटायच्या आत केंद्रीय मंत्रिमंडळाने लायगो-इंडियाला, म्हणजे याच वेधशाळेच्या प्रकल्पाला, तत्त्वतः मान्यता दिली. एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांचा खर्च मंजूर झाला. काटकोनात पसरलेल्या चार-चार किलोमीटरच्या दोन निर्वात नळ्या आणि त्यांतून जाणारे लेसर किरण, असं ते यंत्र. प्रोटॉनच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी हालचाल त्याला मोजायची असते. या प्रकल्पात पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचा मोठा वाटा आहे, आणि आयुका उभारली ती नारळीकरांनी. गुरुत्वीय लहरींचा शोध कसा घ्यायचा यावर तिथे संजीव धुरंधरांनी लहर सापडायच्या कितीतरी आधी पायाभूत काम करून ठेवलं होतं. ‘कृष्णविवर’ या कथेपासून दुधाळ्याच्या माळापर्यंत जवळपास पन्नास वर्षांची ही सलग वाट आहे.

समुद्र, मोठी शहरं, वर्दळीचे रेल्वेमार्ग यांपासून लांब असलेली शांत जमीन यंत्राला हवी असते, म्हणून हा माळ. पण रोजचं जगणं शांत नसतं. लिव्हिंग्स्टनला आसपासची झाडं तोडली तरी यंत्र डळमळायचं. हॅनफर्डला नळीवरच्या बर्फाला चोच मारणारे डोमकावळेसुद्धा नोंदीत उमटले, आणि ते शोधून काढायला शास्त्रज्ञांना डोकं खाजवावं लागलं. औंढ्यात काय उमटेल? ट्रॅक्टर, विहिरीचे सुरुंग, खडी क्रशर, श्रावणात नागनाथाला लोटणारी गर्दी, रात्रीच्या लाइटीवर पाणी द्यायला निघालेल्या शेतकऱ्याची मोटारसायकल. यंत्राच्या हिशेबात हे सगळं वजा करायचं आहे, आणि कथेचा तर तोच ऐवज आहे.

शिवाय जमीन स्वतःही बोलते. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांत जमिनीतून गूढ आवाज येत असल्याच्या बातम्या कित्येक वर्षं येत आहेत. गुरगुर होते, पत्रे थरथरतात, मांडणीवरची भांडी वाजतात आणि माणसं लेकरं घेऊन अंगणात येतात. २१ मार्च २०२४च्या पहाटे ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, जुलैत पुन्हा तेवढाच. ३० सप्टेंबर १९९३चा किल्लारीचा भूकंप ज्यांच्या स्मरणात आहे त्यांना त्या रात्री झोप लागत नाही. एकीकडे अब्जावधी वर्षांपूर्वीची थरथर ऐकायला येणारं यंत्र, दुसरीकडे आपल्या चुलीखालची थरथर कुणी समजावून सांगेल का म्हणून वाट पाहणारं गाव. दोघांमध्ये फार अंतर नाही. भूकंपशास्त्रज्ञ, तहसीलदार, सरपंच आणि रात्रभर जागी असलेली म्हातारी एकाच अंगणात आणून बसवावीत, अशी ही जागा आहे. हॉयलच्या हवेलीतलं भांडण इथे जास्त खरं वाटेल, कारण इथे जाणणारा आणि निर्णय घेणारा यांच्याइतकाच भोगणाराही समोर असेल.

ही कथा पुण्याहून कुणी येऊन लिहू नये असं मी म्हणणार नाही. ज्याला जमेल त्याने लिहावी. पण हळद शिजवताना कढईखाली जाळ किती ठेवायचा हे ज्यांना ठाऊक आहे आणि ज्यांनी बारावीत व्यतिकरण शिकलं आहे, अशी मुलं-मुली आज औंढा, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि हिंगोलीच्या कॉलेजांत बसली आहेत. मराठी विज्ञान परिषदेने कथास्पर्धेचं आवाहन घेऊन या पाच तालुक्यांत स्वतः यावं. वेधशाळेचं काम २०३०च्या आसपास पुरं करायचं उद्दिष्ट आहे, तोवर आयुकाच्या शास्त्रज्ञांनी आणि इथल्या लिहित्या मुलांनी वर्षातून दोनदा तरी औंढ्यात एकत्र बसावं. जमीन कुणाची गेली, नोकरी कुणाला लागली, सुरुंगाला बंदी आली तर विहीर कशी खणायची, हे प्रश्न त्या बैठकीत पहिल्या दिवशीच निघतील आणि ते निघू द्यावेत.